न सापडलेल्या शब्दांचा हिशेब

१८२९ सालच्या जुलै महिन्यात लंडनमधल्या मेरी काउडेन क्लार्क यांनी एक काम अंगावर घेतले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे वीस. शेक्सपिअरच्या नाटकांतला कोणता शब्द कुठे कुठे आला आहे, याची संपूर्ण सूची त्यांना करायची होती. बायबलची अशी सूची अलेक्झांडर क्रूडन यांनी १७३७ मध्येच काढली होती. शेक्सपिअरची मात्र विश्वासाने हाती घ्यावी अशी सूची नव्हती. नाटके पुन्हा पुन्हा वाचून नोंदी जुळवण्यात क्लार्कबाईंची बारा वर्षे गेली, छपाई आणि मुद्रितशोधनात आणखी चार. १८४४-४५ मध्ये मासिक हप्त्यांनी ती सूची वाचकांच्या हाती पडली.

हेच काम आज संगणक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच करतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मला महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. क्लार्कबाईंनी काही शब्द मुद्दाम गाळले होते. ‘द’, ‘ऑफ’, ‘अँड’ असल्या बारीकसारीक शब्दांच्या नोंदी घेत त्या बसल्या असत्या तर ग्रंथ कैक पटींनी फुगला असता, आणि शेक्सपिअरच्या नाटकात ‘द’ कुठे आला हे शोधायला कोण येणार होते? त्यांचा निर्णय त्या काळाच्या मानाने अगदी शहाणपणाचा होता. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी, १९८७ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठातले जॉन बरोज यांनी जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवर एक पुस्तक लिहिले. त्यांनी नेमके हेच टाकाऊ शब्द मोजायला घेतले. ऑस्टिनची कोणती पात्रे बोलताना ‘द’, ‘ऑफ’, ‘आय’, ‘नॉट’ किती प्रमाणात वापरतात हे त्यांनी संगणकावर मोजून पाहिले, तेव्हा पात्रापात्रांतला फरक त्या आकड्यांत स्पष्ट उमटला. कोणत्याही इंग्रजी कादंबरीचा एक तृतीयांशाहून अधिक मजकूर अशा शब्दांनीच भरलेला असतो. समीक्षक त्यावरून नजर फिरवून पुढे जात होते. लेखकाच्या हाताची ओळख पटवण्याचे आजचे बहुतेक तंत्र याच शब्दांवर उभे आहे. २००२ मध्ये बरोज यांनीच मांडलेली ‘डेल्टा’ ही पद्धत त्यातली सर्वांत जास्त वापरली जाणारी.

सूची करणारा माणूस काय नोंदवायचे आणि काय सोडायचे हे ठरवतो. तसे करताना, पुढच्या अभ्यासकाला कोणते प्रश्न विचारता येतील हेही त्याच्या हातून ठरून जाते. इंग्रजी साहित्याचे आज जे अवाढव्य डिजिटल संग्रह उभे आहेत, त्यांना हे क्लार्कबाईंच्या ग्रंथाइतकेच लागू आहे. फरक एवढाच की क्लार्कबाईंनी काय गाळले ते प्रस्तावनेत वाचायला मिळते. शोधाच्या पांढऱ्या चौकटीमागे काय गाळले गेले आहे, ते मुद्दाम जाऊन पाहावे लागते. म्हणून एक मोठा संग्रह पायापासून कसा उभा राहिला ते नीट पाहू.

हा संग्रह म्हणजे ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’. इंग्लंडमध्ये छपाई सुरू झाली तेव्हापासून १७०० सालापर्यंतचे जे इंग्रजी छापील वाङ्मय टिकून राहिले, त्याचा हा सर्वांत मोठा साठा. सव्वा लाखाहून अधिक शीर्षके त्यात आहेत. त्याची सुरुवात संगणकाच्या कितीतरी आधी झाली. १९२६ मध्ये पोलार्ड आणि रेडग्रेव्ह या दोघा ग्रंथसूचीकारांनी १४७५ ते १६४० या काळातल्या इंग्रजी पुस्तकांची यादी प्रसिद्ध केली. कोणते पुस्तक कोणत्या ग्रंथालयात आहे, हेही त्यात होते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या अ‍ॅन आर्बर गावचे यूजीन पॉवर यांना त्या यादीत वेगळीच शक्यता दिसली. यादीतले एकेक पुस्तक मायक्रोफिल्मवर घ्यायचे आणि त्या फिल्मच्या प्रती अमेरिकेतल्या ग्रंथालयांना विकायच्या. १९३० च्या दशकात त्यांचे कॅमेरे ब्रिटिश म्युझियममध्ये काम करू लागले, आणि १९३८ मध्ये त्यांनी ‘युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स’ ही कंपनी काढली. तिची पहिली जागा म्हणजे गावातल्या अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या एका संस्थेच्या दोन खोल्या. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. बॉम्बवर्षावात लंडनची ग्रंथालये जळाली तर काय, ही भीती खरी होती, आणि दुर्मीळ कागदपत्रे फिल्मवर उतरवण्याच्या कामाला एकदम निकड आली.

१९९८ मध्ये त्याच फिल्म स्कॅन करून इंटरनेटवर आल्या. म्हणजे आज एखादा विद्यार्थी पडद्यावर १६०० सालचे पान पाहतो, तेव्हा तो पुस्तकाच्या छायाचित्राचे छायाचित्र पाहत असतो. फिल्म काळी-पांढरी होती, म्हणून शाईचा तांबडा रंग गेला. कागदाच्या मागच्या बाजूची अक्षरे पुढे उमटलेली असली तर ती फिल्मवर डाग होऊन बसली. पुस्तकाच्या शिवणीत दबलेल्या ओळी तर कॅमेऱ्याने कधी पाहिल्याच नाहीत. आणि या सगळ्या खटाटोपानंतरही हाती आली होती ती फक्त चित्रे. चित्रात शब्द शोधता येत नाही.

चित्रातून मजकूर काढायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ओसीआर, म्हणजे यंत्राने अक्षरे ओळखून ती टाइप केल्यासारखी उतरवणे. अठराव्या शतकातल्या पुस्तकांचा मोठा संग्रह, ‘एटीन्थ सेंच्युरी कलेक्शन्स ऑनलाइन’, २००३ मध्ये याच मार्गाने आला. त्यात वाचकाला दिसते पानाचे चित्र. शोध मात्र चालतो चित्राच्या मागे दडलेल्या, यंत्राने वाचलेल्या मजकुरावर. तो मजकूर किती गचाळ आहे हे वाचकाच्या नजरेला पडत नाही. जुन्या इंग्रजी छपाईत ‘एस’ हे अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांबट आकाराचे असे. ते हुबेहूब ‘एफ’सारखे दिसते, मधली आडवी रेघ तेवढी अर्धवट असते. यंत्र त्याला खुशाल ‘एफ’ म्हणून वाचते. २०१० च्या डिसेंबरमध्ये गूगलने लाखो पुस्तकांतल्या शब्दांच्या वापराचा आलेख काढणारे एनग्रॅम व्ह्यूअर खुले केले, तेव्हा गंमत दिसली. त्यात ‘बेफ्ट’ असा शब्द शोधला की तो अठराव्या शतकात जोरात वापरात असलेला दिसे, आणि १८०० च्या आसपास एकाएकी नाहीसा होई. असा शब्द इंग्रजीत कधी नव्हताच. तो ‘बेस्ट’ होता. १८०० च्या सुमारास ब्रिटिश मुद्रकांनी लांबट ‘एस’ टाकून दिला, एवढीच ती घटना. आलेख मुद्रकाच्या खिळ्यांचा होता, भाषेचा नव्हे.

अक्षरामागे ९९ टक्के अचूकता म्हटले की ऐकायला फार बरे वाटते. साधा गुणाकार करून पाहा. इंग्रजी शब्दात सरासरी पाच अक्षरे धरली तर प्रत्येक वीस शब्दांमागे एक शब्द चुकतो. तीनशे शब्दांच्या पानावर पंधरा चुकीचे शब्द. आणि सतराव्या शतकातली पुस्तके, त्यातही काळ्या जाड गॉथिक वळणाच्या टायपात छापलेली, यंत्राला ९९ टक्क्यांच्या आसपासही वाचता येत नव्हती. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २०१२ पासून काही वर्षे एक प्रकल्प केवळ या जुन्या पानांसाठी ओसीआर सुधारण्यात गुंतला होता. साडेचार कोटी पानांचा प्रश्न होता. त्यावरून अडचणीचा आकार लक्षात यावा.

दुसरा मार्ग म्हणजे माणसाने बसून टाइप करणे. मिशिगन आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांनी १९९९ मध्ये तोच धरला. ‘टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप’ असे त्या सहकारी प्रकल्पाचे नाव. शंभराहून अधिक ग्रंथालयांनी वर्गणी काढली आणि कंत्राटावर टंकनाचे काम सुरू झाले. पद्धत अशी होती: एकच पान दोन टंकलेखकांनी एकमेकांचे न पाहता स्वतंत्रपणे टाइप करायचे, मग दोन्ही प्रती यंत्राने ताडायच्या, आणि जिथे फरक दिसेल तिथे मूळ चित्र पाहून निर्णय करायचा. दोघांची चूक एकाच अक्षरावर, एकाच प्रकारची होण्याची शक्यता फार कमी असते, हे त्यामागचे तत्त्व. कंत्राटातली अट होती वीस हजार अक्षरांमागे एक चूक. म्हणजे वर धरलेल्या मापाच्या पानांचा हिशेब केला तर तेराएक पानांमागे एक. आलेला मजकूर विद्यापीठातले संपादक नमुन्यादाखल काही पाने वाचून तपासत, आणि अटीत न बसणारे पुस्तक परत पाठवत.

मी या टंकलेखकांविषयी पुष्कळदा विचार करते. जुने वळण, विचित्र वर्णलेखन, न कळणारे धर्मशास्त्र, आणि समोर डाग पडलेले चित्र. त्यांना सूचना होती की अर्थ लावून अंदाज करू नका, दिसते तेच उतरवा. जे अक्षर दिसत नाही तिथे खूण करा. त्या खुणांचे पुढे पडद्यावर काळे ठिपके झाले. एखाद्या नाटकाचा मजकूर उघडला की मध्येच शब्दाच्या पोटात असा ठिपका दिसतो. एक अक्षर गेले तर एक ठिपका, आणि शब्दच वाचता आला नाही तर त्याची वेगळी खूण. मला हा ठिपका डिजिटल संग्रहातला सर्वांत प्रामाणिक भाग वाटतो. यंत्राने ‘बेफ्ट’ लिहिले ते आत्मविश्वासाने लिहिले. टंकलेखकाने ठिपका ठेवला तो ‘मला दिसले नाही’ हे पुढच्या माणसापर्यंत पोचवण्यासाठी. आणि पुढचा माणूस आलाही. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले मार्टिन म्यूलर यांनी शेक्सपिअरच्या समकालीनांची नाटके घेतली आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना कामाला लावले. त्याच नाटकाची दुसऱ्या ग्रंथालयातली प्रत किंवा अधिक चांगले छायाचित्र मिळवायचे, ठिपक्याच्या जागी खरे अक्षर कोणते ते पाहायचे आणि भरायचे. असे हजारो ठिपके त्या मुलांनी भरले. फिल्मवर डाग म्हणून राहिलेले अक्षर दुसऱ्या प्रतीत बहुतेक वेळा स्वच्छ छापलेले निघते, हे पाहायला जाणारा कुणी हवा होता एवढेच.

१ जानेवारी २०१५ रोजी या प्रकल्पातली पहिली पंचवीस हजारांवर पुस्तके सर्वांना मोफत खुली झाली. उरलेली सुमारे पस्तीस हजार २०२० मध्ये. मिळून साठ हजारांच्या घरात पुस्तके, टाइप केलेली, कुणीही उतरवून घ्यावीत अशी. वर्गणी भरू न शकणाऱ्या कॉलेजातल्या शिक्षकाला याची किंमत सांगावी लागत नाही.

आता मजकूर हाती आला. तरी एक घोळ शिल्लक राहतो, तो वर्णलेखनाचा. शेक्सपिअरच्या काळात ‘यू’ आणि ‘व्ही’ ही दोन वेगळी अक्षरे मानत नसत. शब्दाच्या सुरुवातीला ‘व्ही’ आणि मध्ये ‘यू’, असा छपाईचा संकेत होता. त्यामुळे ‘लव्ह’ हा शब्द एल-ओ-यू-ई असा छापलेला असे आणि ‘हॅव्ह’ एच-ए-यू-ई असा. ‘डब्ल्यू’चा खिळा कमी पडला तर मुद्रक दोन ‘व्ही’ शेजारी शेजारी लावी. एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहिलेला सापडतो, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. आजच्या वर्णलेखनाने ‘लव्ह’ शोधणाऱ्याला वाटेल, त्या काळी इंग्रज प्रेमाबद्दल फारसे लिहीतच नव्हते. यावर उपाय म्हणून प्रत्येक शब्दाला त्याचे आजचे रूप आणि मूळ धातुरूप जोडणारी साधने निघाली. लँकेस्टर विद्यापीठात तयार झालेले ‘व्हार्ड’ त्यातले एक. चांगल्या संग्रहात मूळ छापील रूप तसेच ठेवतात आणि आधुनिक रूप त्याच्या बाजूला नोंदवतात. मूळ पुसून आधुनिक लिहिले की वर्णलेखनाचा अभ्यास करणाऱ्याचे सगळे सामान गेले. इथेही पुन्हा क्लार्कबाईंचाच प्रश्न आहे. आज निरुपयोगी वाटणारे उद्या कुणाला लागेल?

शब्द उतरवले की संपले असेही नाही. छापील पान वाचताना आपल्याला न सांगता कळते की हे शीर्षक, हे पात्राचे नाव, ही रंगसूचना, हे पद्य, हे गद्य. संगणकाला ते सांगावे लागते. त्यासाठी १९८७ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या व्हासर कॉलेजात अभ्यासक जमले आणि त्यातून ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’, म्हणजे टीईआय, ही सर्वांना समान खुणांची पद्धत निघाली. ओळ कुठे सुरू झाली, अंक कुठे संपला, हे बोलणे कोणाचे, हे सगळे मजकुरातच ठरलेल्या खुणांनी लिहून ठेवायचे. कंटाळवाणे काम आहे. पण त्याने काय साधते ते डिकन्सच्या बाबतीत दिसते.

बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम विद्यापीठांत मिखाएला मालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्लिक’ नावाचे एक साधन तयार केले. त्यात डिकन्सच्या कादंबऱ्यांच्या मजकुराला अवतरणचिन्हांच्या आतला आणि बाहेरचा अशा खुणा आहेत. म्हणजे पात्रांचे बोलणे वेगळे आणि निवेदकाचे वेगळे शोधता येते. त्याहून बारीक म्हणजे, बोलणे मध्येच तोडून निवेदक जे सांगतो, अमुक जण हात खिशात घालून म्हणाला वगैरे, त्याचीही वेगळी खूण आहे. आता ‘हँड्स’ हा शब्द संपूर्ण कादंबरीत शोधा. ढीगभर वाक्ये येतात आणि हाती काही लागत नाही. तोच शब्द बोलण्याच्या मधल्या तुकड्यांत शोधा. एकाखाली एक ओळी लागतात, शब्द मधल्या रकान्यात, आणि डावी-उजवीकडचा मजकूर वाचताना दिसू लागते की डिकन्स कुणाचे हात कधी कुठे ठेवतो. खिशात घातलेले हात, पाठीमागे बांधलेले हात, चोळले जाणारे हात. देहबोलीची ही ठराविक वाक्ये पात्र डोळ्यासमोर उभे करण्यात किती काम करतात, हे मालबर्ग यांनी २०१३ च्या पुस्तकात दाखवले. डिकन्सची पात्रे जिवंत वाटतात हे वाचकाला आधीच ठाऊक होते. ती तशी का वाटतात याच्या जवळ जाता आले, ते कुणीतरी अवतरणचिन्हे धीराने खुणावून ठेवली म्हणून.

इथपर्यंतचे सगळे प्रश्न संग्रहात असलेल्या पुस्तकांचे. नसलेल्यांचे काय?

साठ हजारांच्या त्या खुल्या संग्रहातली पहिली पुस्तके निवडताना आधार घेतला होता तो ‘न्यू केंब्रिज बिब्लिओग्राफी ऑफ इंग्लिश लिटरेचर’ या प्रतिष्ठित सूचीचा. ज्यांची नावे त्यात होती त्या लेखकांची पुस्तके आधी टाइप झाली. शिवाय एकाच पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या असतील तर सहसा पहिली घेतली. खर्चाच्या दृष्टीने हे बरोबरच होते. मात्र लोकांनी काय वाचले असा प्रश्न घेऊन येणाऱ्याला हा संग्रह चकवतो. तीस वेळा छापले गेलेले चोपडे आणि एकदा छापून पडून राहिलेला ग्रंथ, दोघांचे वजन इथे सारखेच. त्याही आधी, जी पुस्तके हाताळून हाताळून फाटली आणि कुठल्याच ग्रंथालयात उरली नाहीत, ती १९२६ च्या यादीतच नव्हती.

स्त्रियांचे लेखन अशा याद्यांतून सहज सुटते, हे ओळखून १९८० च्या दशकात ब्राउन विद्यापीठात ‘विमेन रायटर्स प्रोजेक्ट’ सुरू झाला. आता तो नॉर्थईस्टर्न विद्यापीठात आहे. संख्या काहीशेच, पण प्रत्येक पुस्तक टीईआयच्या खुणांसह हाताने तयार केलेले. मोठ्या संग्रहांच्या गर्दीत अशा लहान संग्रहाला मी कमी लेखणार नाही. प्रश्न आधी ठरवून बांधलेला संग्रह त्या प्रश्नाला नीट उत्तर देतो.

मोठ्या संग्रहाचेही एक उदाहरण द्यायला हवे, कारण तिथे जे दिसले ते लहान संग्रहात दिसलेच नसते. टेड अंडरवूड, डेव्हिड बॅमन आणि सब्रिना ली यांनी २०१८ मध्ये हाथीट्रस्ट या ग्रंथालयांच्या सामाईक डिजिटल भांडारातल्या लाखाहून अधिक इंग्रजी कथात्मक पुस्तकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यातली जवळजवळ निम्मी पुस्तके स्त्रियांनी लिहिलेली होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण एक चतुर्थांशावर आले. शंभर वर्षांत स्त्रियांची पीछेहाट! स्त्रियांचे शिक्षण, मतदानाचा हक्क, नोकऱ्या, सगळे वाढत असताना. कुणाच्याही मनात पहिली शंका येईल ती ग्रंथालयांबद्दल. त्यांनी पुढच्या काळात स्त्रियांची पुस्तके कमी विकत घेतली असतील का? संशोधकांनाही ती आली. म्हणून त्यांनी प्रकाशन-व्यवसायातल्या वेगळ्या याद्यांशी हे प्रमाण ताडून पाहिले, आणि घसरण तिथेही दिसली. मला या अभ्यासात निष्कर्षाइतकीच ही ताडणी मोलाची वाटते.

ऑस्ट्रेलियात कॅथरीन बोड यांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. पुस्तकांच्या संग्रहावर त्यांचा भरवसा नव्हता. एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातले लोक कादंबऱ्या वाचत होते ते वर्तमानपत्रांतून, क्रमशः. त्यातल्या कितीतरी कधी पुस्तकरूपाने निघाल्याच नाहीत. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’ संग्रहात जुन्या वर्तमानपत्रांची लक्षावधी पाने ओसीआर करून ठेवलेली आहेत, आणि सामान्य वाचक त्यातल्या चुका ओळीओळीने दुरुस्त करतात. त्या महासागरात कादंबरी शोधायची कशी? लेखकाचे नाव माहीत नाही, शीर्षक माहीत नाही. बोड यांनी ‘चॅप्टर’ हा शब्द शोधला. क्रमशः कादंबरीच्या प्रत्येक हप्त्याच्या माथ्यावर तो असणारच. ओसीआर बाकी काहीही बिघडवो, ठळक टायपातला एवढा एक शब्द बहुधा वाचतो. या एका युक्तीने सोळा हजारांहून अधिक कथा-कादंबऱ्या हाती लागल्या. २०१८ च्या ‘अ वर्ल्ड ऑफ फिक्शन’ या पुस्तकात त्यांनी आग्रह धरला आहे की असा संग्रह वापरण्याआधी तो कसा जमला, त्यात काय येऊ शकत नव्हते, हे ग्रंथाच्या चिकित्सक आवृत्तीइतक्या काळजीने लिहून ठेवावे. मला हा आग्रह शंभर टक्के पटतो.

कायद्याबद्दल थोडक्यात. हाथीट्रस्ट २००८ मध्ये स्थापन झाला आणि लेखकांच्या संघटनेने त्यावर खटला भरला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने निकाल दिला की संपूर्ण मजकुरात शोध घेता यावा म्हणून पुस्तके डिजिटल करून ठेवणे हा न्याय्य वापर आहे. त्यामुळे आता हक्क राखीव असलेल्या पुस्तकांचेही प्रत्येक पानावरचे शब्द आणि त्यांची संख्या अभ्यासकाला मिळते, वाक्ये मिळत नाहीत. पुस्तक वाचता येत नाही, मोजता येते. बरोज यांच्यासारख्याच्या कामाला तेवढे पुरते.

आपल्याकडे या कामाची परंपरा आहे, आणि ती मराठी मुलखातच आहे. ब्राउन विद्यापीठात फ्रान्सिस आणि कुचेरा यांनी १९६१ साली छापलेल्या अमेरिकन इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह केला होता, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे पाचशे नमुने. ब्रिटिश इंग्रजीचा तसाच संग्रह पुढे लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गेन इथल्या मंडळींनी पुरा केला. भारतीय इंग्रजीचा केला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, एस. व्ही. शास्त्री यांनी. १९७८ साली भारतात प्रसिद्ध झालेला मजकूर, तेच पाचशे नमुने, तेच दहा लाख शब्द. १९८० च्या दशकात तो तयार झाला आणि ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावाने जगभरच्या भाषाभ्यासकांत ओळखला गेला. ठरलेला साचा जसाच्या तसा उचलता मात्र आला नाही. भारतीय इंग्रजीत विज्ञानकथा आणि साहसकथा मुबलक नव्हत्या, म्हणून त्या गटांतले नमुने कमी करून सर्वसाधारण कथासाहित्याचे वाढवावे लागले. ही तडजोड उघड नोंदवलेली असल्यामुळे तुलना करणारा फसत नाही.

दोन हजार शब्दांचा तुकडा व्याकरणाला पुरतो, साहित्याला पुरत नाही. कादंबरीचा शेवटच हाती नसेल तर तिच्या घडणीबद्दल काय बोलणार? भारतीय इंग्रजी साहित्याचा संपूर्ण ग्रंथांचा, हाताने तपासलेला संग्रह हवा. आर. के. नारायण २००१ मध्ये गेले. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राखीव राहतात, तेव्हा त्यांच्या कादंबऱ्या खुल्या व्हायला २०६१ साल सरावे लागेल. पण त्यांच्याआधीच्या लेखिका आजच मोकळ्या आहेत. अहमदनगरला १८६२ मध्ये जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन यांच्या ‘सगुणा’ आणि ‘कमला’. शेवंतीबाई निकंबे यांची १८९५ मध्ये लंडनला छापलेली ‘रतनबाई’. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या कथा. त्या १९५४ मध्ये वारल्या, म्हणून त्यांच्यावरचे हक्कही आता संपले आहेत.

एखाद्या कॉलेजच्या इंग्रजी विभागाला हे काम सहज झेपेल. ग्रंथ थोडे आहेत, छपाई स्वच्छ आहे, लांबट ‘एस’ कधीच गेला आहे. ओसीआरने उतरवायचे आणि दोघा विद्यार्थ्यांनी वेगवेगळे वाचून ताडायचे. खरी कसोटी लागेल ती खुणांची. या बायकांच्या इंग्रजीत घरातले, देवघरातले, नात्यांतले देशी शब्द रोमन लिपीत येतात, आणि त्या काळी त्यांचे वर्णलेखन ठरलेले नव्हते. एकाच शब्दाची तीनचार रूपे निघतील. ती सगळी जशीच्या तशी ठेवून प्रत्येकाला देवनागरी रूप जोडायला मराठी जाणणारा माणूसच लागेल. कंत्राटावरच्या टंकलेखकाला ते जमणार नाही. आणि ‘सगुणा’ आधी मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात १८८७-८८ मध्ये क्रमशः आली, पुस्तक नंतर निघाले. संग्रहात यातला कोणता पाठ घ्यायचा? मी दोन्ही घ्या म्हणेन, शेजारी शेजारी ठेवा, आणि कोणता कुठून मिळाला, कोणते पान कोणत्या प्रतीत फाटलेले होते, हे पहिल्याच पानावर लिहा.